वरचं पान

“वरचं पान वरच राहू दे, बाळा. खालचं काढ. हळू. आता पुन्हा.”

आप्पांचा हा आवाज वसुमतीने ऐकला तेव्हा तिला स्वतःचा परकरही धड सावरता येत नव्हता. आई माजघरात जात्यावर बसली होती. खोलीचं दार लोटलेलं होतं, आणि जात्याच्या घरघरीखालून तो आवाज दारापलीकडून झिरपत होता. मऊ, लाडिक, तरी धाकाचा. आत आप्पा होते आणि थोरला भाऊ त्रिविक्रम, तिचा अण्णा, होता. दुसऱ्या दिवशी श्राद्धाचे ब्राह्मण जेवायला यायचे होते, दाराशी पत्रावळींची चळत रचून ठेवली होती. पोरीने आपल्यापुरता अर्थ लावला. आप्पा अण्णाला पानं मांडायला शिकवतायत. वरच्या पानावर धूळ बसते, म्हणून ते राहू द्यायचं, खालचं घ्यायचं.

तेव्हापासून ती तशीच पानं मांडत आली. पत्रावळ असो की केळीचं पान असो, वरचं एका बोटाने दाबून धरायचं आणि खालचं ओढायचं. शेजारच्या बायका हसायच्या. “ही काय गं रीत?” तर ती सांगायची, “आमच्या आप्पांची.” सांगताना तिचा ऊर थोडा भरून यायचा, कारण आप्पांचं म्हणून तिच्यापाशी दुसरं काही उरलं नव्हतं.

आप्पा एका संध्याकाळी क्लबातून पगडी हातात घेऊन परत आले होते. कोटाची बाही खांद्यातून उसवलेली होती. त्यानंतर ते बाहेर गेलेच नाहीत. घराबाहेरच्या दगडी जगलीवर, म्हणजे ओट्यावर, रस्त्याकडे पाठ करून बसायचे. हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका यायच्या थांबल्या. “भोळा माणूस,” आई म्हणायची, “कुणीतरी पत्त्यात फसवलं त्यांना.” पुढे आप्पा गेले, आई गेली, आणि वसुमतीच्या मनात तेवढं एक वाक्य राहिलं. माणूस गरीब असो, काळा असो, बोबडा असो, चालेल. हातचलाखी करणारा नको.

चामराजपेटेतल्या त्या अरुंद घरात आता भाऊबहीण दोघंच राहत. त्रिविक्रम नव्या विधानसौधात कारकून होता. त्याची बायको कमला लग्नानंतर थोड्याच वर्षांत विषमज्वराने गेली, त्याने पुन्हा लग्न केलं नाही. वसुमती मुलींच्या शाळेत शिकवायची. सकाळी त्याचा डबा, संध्याकाळी त्याची कॉफी, देवापाशी दिवा. लग्नाचं वय उलटत चाललं होतं, पण घरात कुणी तसं मोठ्याने म्हणत नव्हतं.

अशात नागनाथ आला.

तो निपाणीकडचा. एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायचा. मराठी मंडळींच्या आषाढीच्या भजनात त्रिविक्रमशी ओळख झाली आणि तो कॉफीला घरी आला. राज्यांची नवी वाटणी नुकतीच झाली होती, जो तो तेच बोलायचा.

“म्हणजे तुम्ही मुंबई राज्यातून आमच्या म्हैसूर राज्यात आलात,” त्रिविक्रम म्हणाला.

“आलो कुठला? मी होतो तिथंच होतो की. राज्यच उठून माझ्या अंगावर आलं. मग म्हटलं, राज्य दारात आलंय, तर राजधानी तरी बघून येऊ.”

आतून वसुमती म्हणाली, “कॉफी जाहली. स्वल्प थांबा.”

“जाहली!” नागनाथ पाण्याचा पेला खाली ठेवून हसायलाच लागला. “अहो, आमच्याकडं जाहली म्हणणारी माणसं पोथीत राहतात. तुम्ही जिवंत आहात, बघा!”

दाराआड वसुमतीला हसू फुटलं. किती दिवसांनी फुटलं, ते तिचं तिलाही आठवेना.

महिन्याभराने त्याने जगलीवर बसूनच सरळ विचारलं. “त्रिविक्रमराव, मला आडून बोलता येत नाही. तुमची बहीण मला पसंत आहे. त्यांना मी पसंत आहे का, ते विचारा. दसऱ्याआधी आईला कळवायचं म्हणतो.”

“सरी, ठीक आहे,” त्रिविक्रम म्हणाला. “निर्णय तिचा. मी मधे पडणार नाही. पण चार डाव खेळल्याशिवाय मला माणूस कळत नाही. रविवारी या.”

आणि रविवारचे डाव सुरू झाले. दुपारच्या जेवणानंतर सतरंजी पडायची, रमी मांडली जायची. पैसे लावायचे नाहीत हा वसुमतीचा दंडक, म्हणून कडलेकाई लावायची. भाजलेल्या शेंगांचे दोन ढीग समोर, हरणाऱ्याने मूठभर द्यायच्या. वसुमती दाराशी बसून शाळेच्या वह्या तपासायची आणि वर बघायची.

नागनाथ जिंकायचा. पुन्हा जिंकायचा. संध्याकाळी रुमालात शेंगांचं गाठोडं बांधून निघायचा आणि लहान मुलासारखा खूष असायचा. “आयुष्यात मला कधी पानं लागली नव्हती बघा. तुमच्या घरचा पायगुण!”

तो गेल्यावर त्रिविक्रम टरफलं गोळा करायचा. पहिल्या रविवारी म्हणाला, “नशीबवान आहे.” दुसऱ्या रविवारी म्हणाला, “चांगलंच नशीब आहे.” त्यानंतर नुसतं, “हूं.” आणि त्या हूंपुढे काहीच नाही. वसुमती त्या गप्पपणात बोट घालून बघायची, तर बोटाला गार लागायचं.

एका सोमवारी तिने पत्ते डबीत भरताना कडांवरून अंगठा फिरवला, आणि अंगठा थबकला. एका पानाच्या कडेला बारीकशी खाच होती. डोळ्याला दिसणार नाही, फक्त कातडीला कळावी अशी. तिने पान उलटलं. राजा. पुढची खाच, एक्का. मग राणी. मग दुसरा एक्का. दुऱ्या-तिऱ्यांच्या कडा गुळगुळीत होत्या. नखाने केलेल्या खुणा होत्या त्या.

नागनाथच्या अंगठ्याचं नख वाढवलेलं होतं. “नकाशावरची चुकलेली रेघ खरवडायला लागतं,” असं त्याने आपणहून सांगितलं होतं, कुणी विचारलं नसताना. तेव्हा ती हसली होती. आता ते सांगणंच तिला टोचलं. न विचारता कशाला सांगितलं?

त्रिविक्रमला तिने काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नागनाथचं येणं त्याच दिवशी बंद झालं असतं, आणि मग खरं काय ते जन्मात कळलं नसतं. तिला आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं. त्याच्या हातात लबाडी असेल तर त्याला स्वतः नाही म्हणायचं. नसेल तर हो म्हणायचं. एवढंच तिच्यापुढे होतं, आणि दसरा जवळ येत होता.

मागच्या गल्लीत रत्नाबाई राहायच्या. त्यांचे यजमान हंबीरराव एके काळी नाटक कंपनीत दोन अंकांच्या मधे पत्त्यांचे खेळ करायचे. अजूनही मिशांना काळं लावून आरशासमोर बसायचे. वसुमती भीत भीत गेली.

“पत्त्यातली लबाडी कशी ओळखायची, ते शिकवाल?”

हंबीररावांनी आरशातूनच तिच्याकडे पाहिलं. “कुणाला पकडायचंय?”

“कुणाला नाही.”

“मग कुणाला फसवायचंय?”

“छे, छे!”

“तिसरं कारण घेऊन माझ्याकडं अजून कुणी आलं नाही, अम्मा.”

“शिकवा की,” रत्नाबाई चुलीपासून म्हणाल्या. “स्वतःचं तोंड बघत बसण्यापेक्षा बरं. मला लग्नात सांगितलं, नाटकात राजा होतो. मागून कळलं, बदामचा राजा.”

हंबीररावांनी पत्ते घेतले आणि दोन माणसांना वाटतात तसे सतरंजीवर वाटले. सर्र, सर्र, सर्र. वसुमती डोळे फाडून बघत होती. वाटून झाल्यावर त्यांनी हातातलं वरचं पान उलटून दाखवलं. बदामचा एक्का. “सुरुवातीलाही हाच वर होता. सगळे पत्ते वाटले, पण हा जागचा हलला नाही. तुला काय दिसलं?”

“काहीच नाही.”

“नुसतं बघून दिसत नाही. दिसलं असतं तर आमचं पोट कसं भरलं असतं? आधी हातानं करायचं. हाताला आलं की मग डोळ्याला दिसतं, कानाला ऐकू येतं.”

मग शिकणं सुरू झालं. घरी तिने सांगितलं, हिंदीच्या परीक्षेचा वर्ग लावलाय. शाळेतून थेट हंबीररावांकडे. डाव्या हातात गड्डी. डाव्या अंगठ्याने वरचा पत्ता केसभर मागे ओढायचा. केसभर म्हणजे केसभरच, धाग्याएवढासुद्धा नाही. त्या फटीतून दुसऱ्या पत्त्याची कड डोकावते. उजव्या बोटांनी ती कड उचलून पत्ता पुढे फेकायचा आणि त्याच दमात अंगठ्याने वरचा पत्ता पुन्हा जागेवर आणायचा. सांगायला एवढंच. करायला गेलं की दोन पत्ते एकदम यायचे. नाहीतर वरचाच यायचा, नाहीतर गड्डी फुटून मांडीवर सांडायची. अंगठ्याच्या पेराला कडा लागून चिरा पडल्या. भाकरी थापताना त्यांत पीठ जाऊन झोंबायचं.

घरी अण्णा यायच्या आधी ती स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची. घोंगडीची घडी घालून त्यावर पत्ते टाकायची, म्हणजे आवाज होत नाही. हाताला लय यावी म्हणून आईची जात्यावरची ओवी ओठांतल्या ओठांत धरायची:

दारीच्या चाफ्यापाशी, आली एक कळी,
भाऊ झाला माळी, तोडू देईना.

ओवीबरोबर हात चालायचा. जातं फिरावं तशी पानं फिरायची. एका संध्याकाळी पहिल्यांदा वरचा पत्ता जागेवर राहिला आणि दुसरा अलगद निघाला, जणू झोपलेल्या बाळाखालून दुपटं काढलं आणि बाळ जागं झालं नाही. तिच्या अंगावर काटा आला. आनंदाचा होता, आणि थोडा भीतीचाही. आपला हात आपल्यालाच परका वाटला.

हंबीररावांनी तिचं वाटणं डोळे मिटून ऐकलं. “चौथ्या वेळी अडखळतेस. दर चौथ्या वेळी. का?”

ती लाजली. “ओवीवर हात बसवलाय. ओवीचा शेवटचा चरण आखूड असतो.”

“म्हण बघू.”

तिने म्हटली. चुलीपाशी रत्नाबाईंचा पळीचा आवाज थांबला होता.

“गोड आहे,” हंबीरराव म्हणाले. “पण ओवीला लंगडा पाय शोभतो, पत्त्याला नाही. समोरचा जाणता असेल तर तेवढ्यावरून धरील. शेवटचा पाय पुरा कर.”

हात जसजसा वळत गेला तसतसं सगळं जग तिला वाटणाऱ्याच्या हातासारखं दिसू लागलं. फूलवाली मोळं, म्हणजे कोपरापासूनची लांबी, हाताने मोजून मोगरा द्यायची, आता वसुमतीला तिच्या कोपराचा वाक दिसायचा. दूधवाल्याचं माप भरताना पडणारं बोट दिसायचं. बसच्या कंडक्टरने तिकीट फाडलं की ती त्याचा अंगठा बघायची. शाळेतल्या मुली हात पुढे करून “खरंच, अक्का, गृहपाठ केला होता,” म्हणाल्या की ती त्यांच्या तळव्यांकडे बघत राहायची. रविवारी नागनाथ म्हणाला, “वसुमतीबाई, तुम्ही आजकाल तोंडाकडं न बघता हातांकडंच बघता. हात बघून भविष्य सांगता काय?” ती दचकली. त्याला कळलं तर नाही?

आणि त्रिविक्रम तिच्याकडे बघत होता.

“हिंदीच्या वर्गात अंगठ्याला चिंधी कशाला लागते गं?”

“विळी लागली.”

“डाव्या अंगठ्याला?”

“हो. भोपळा निसटला.”

“हूं,” त्रिविक्रम म्हणाला. दोघांनी आपापली कॉफी संपवली. एका घरात राहून, मनातलं दाबून ठेवून, दोघं एकमेकांना खालचं-खालचंच देत होती, हे तिला जाणवलं. पण आपलं खोटं चांगल्या कामासाठी आहे, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

मग तो दिवस आला. त्या दिवशी तिचा हात काही केल्या वळेना. अंगठा मागे खेचायचा तर पूर्ण पत्ताच सरकायचा. हंबीरराव तिला रोज मराठीतच शिकवायचे, “पत्ता दाब, पत्ता सोड” अशा भाषेत. पण राग आला की त्यांच्या तोंडून कानडी यायची. त्यांनी मांडीवर थाप मारली.

“मेलिन एले मेले इरलि, अम्मा! एष्टु सल हेळबेकु!”

किती वेळा सांगायचं, हे ते म्हणत होते. पण वसुमतीच्या कानात त्याआधीचंच घुमत राहिलं. एले म्हणजे पत्ता. एले म्हणजे जेवायचं पानही. या गावात जन्मलेल्या माणसाच्या डोक्यात दोन भाषा शेजारी-शेजारी नांदतात, एकीकडचं दार वाजलं की दुसरीकडे ओ देतात. तिने मनातल्या मनात त्या वाक्याचं मराठी केलं, आणि केलं तेव्हा तो आवाज तिचा नव्हता.

वरचं पान वरच राहू दे.

तिच्या हातातली गड्डी खाली गेली. पत्ते सतरंजीभर पसरले.

“काय झालं?” रत्नाबाई बाहेर आल्या.

“हे असं...” तिला नीट बोलता येईना. “हे असंच कुणी दुसऱ्याला शिकवताना म्हणेल का? अगदी याच शब्दांत?”

“दुसऱ्या कुठल्या शब्दांत म्हणणार?” हंबीररावांचा राग ओसरला होता. “जो शिकवतो तो हेच म्हणतो. दुसरं सांगायचंच काय असतं यात?”

“पत्रावळी मांडायला शिकवताना?”

ते हसले. “पत्रावळ कुणी शिकवावी लागते का, अम्मा?”

घरी येताना तिला रस्ता दिसत नव्हता. कुठला तरी घोड्याचा जटका अगदी अंगावरून गेला, गाडीवान ओरडला. श्राद्धाच्या आदल्या दिवशी बंद दाराआड आप्पा पानं मांडायला शिकवत नव्हते. ते पत्ते वाटायला शिकवत होते. म्हणजे आप्पांना ही विद्या येत होती. मग त्यांना कुणी कसं फसवलं असेल? पण आप्पा गेलेले. त्याहून मोठी गोष्ट पुढे उभी होती, आणि ती जिवंत होती. आप्पा ‘बाळा’ म्हणत होते. त्या खोलीत बाळ एकच होतं.

रविवारी ती वह्या घेऊन दाराशी बसली. डोळे वहीवर ठेवले आणि कान उघडे.

आधी नागनाथने वाटले. सर्र, सर्र, सर्र. पानं स्वच्छ निघत होती, थोडी धसमुसळी, एक तर शेंगांच्या ढिगावर जाऊन पडलं. हा डाव नागनाथ हरला. मग त्रिविक्रमने पत्ते घेतले, पिसले, वाटायला लागला.

सर्र. स्स-र्र. सर्र. स्स-र्र.

इतकं हलकं की श्वासात मिसळून जावं. पण तिचे कान आता तिच्या अंगठ्यात होते. अण्णाला स्वतःला पान घ्यायचं असलं की तो आवाज यायचा. वरचं दाबून धरलेलं, खालचं आपल्याकडे ओढलेलं. मग दाबून धरलेलं ते खाचेचं पान नागनाथसमोर. राजा नागनाथला. एक्का नागनाथला, की त्याचे संच आपसूक जुळायचे. दुऱ्या-तिऱ्या स्वतःला. नागनाथ पानं उचलून हसला, “आलं बघा नशीब!” आणि शेंगा ओढल्या. पुढचा डाव नागनाथने वाटला, आणि चारचौघांसारखा हरला. त्यापुढचा अण्णाने वाटला, नागनाथ जिंकला. आजवर तिने कोण जिंकतो तेच पाहिलं होतं, वाटतो कोण ते पाहिलंच नव्हतं.

म्हणजे त्या खाचाही अण्णाच्याच नखाच्या. लबाडी करून कुणी स्वतः हरतो? दुसऱ्याला जिंकवायला कुणी खोटं वाटतं? आणि मग तिला त्रिविक्रमचं ते “हूं” ऐकू आलं. चांगलंच नशीब आहे. एवढं एक वाक्य तिच्या पुढ्यात टाकायचं, आणि बाकीचा संशय तिचा तिलाच घेऊ द्यायचा. फसवणाऱ्याचा तिला किती तिटकारा आहे, ते या घरात एकट्या अण्णालाच ठाऊक होतं.

तिने वह्या बाजूला ठेवल्या. “या वेळी मी वाटते.”

“अरे वा!” नागनाथ म्हणाला. “या, या. पण तुम्हाला येतं का?”

“वाटायला काय लागतं?”

त्रिविक्रमने गड्डी तिच्या हातात दिली. तिने पिसली. डाव्या हातात धरली. अंगठ्याची चीर टचकन दुखली. खाच लागली की ती दाबून धरायची, नागनाथला खालचं जाऊ द्यायचं, आणि अण्णाची पाळी आली की दाबलेलं सोडायचं. ओवी तिने आज घेतली नाही. हाताला आता तिची गरज नव्हती.

स्स-र्र. सर्र. स्स-र्र. सर्र.

मधेच एकदा दोन पानं चिकटून आली. नागनाथने हसून एक परत दिलं. “नवशिक्याचा हात! असू द्या, असू द्या.” तिने मान खाली घालून पुन्हा सुरुवात केली. त्रिविक्रमने आपली पानं अजून उचलली नव्हती. तो तिच्या डाव्या अंगठ्याकडे बघत होता. चिंधीकडे. त्याच्या चेहऱ्यावरून एकेक करून सगळं उतरत गेलं, आधी हसू, मग रंग.

त्याने पानं उलटून बघितली. एक्के, राजे, राण्या. त्याने ती पुन्हा पालथी घातली.

“काय झालं, त्रिविक्रमराव? टाका की.”

“डोकं दुखतंय. राहू दे.”

“हात्तिच्या! आज माझं नशीब पळतंय असं दिसल्यावर तुम्ही डाव मोडता होय? बाईसाहेब, तुमच्या हाताला आमचं सोसत नाही वाटतं.”

वसुमती उठून उभी राहिली. तिने नागनाथकडे पाहिलं, आणि या वेळी तोंडाकडे पाहिलं. धसमुसळा, सरळ, शेंगांचं साल ओठाला चिकटलेला माणूस. किती दिवस ती याच्या नखाकडे बघत बसली होती.

“तुमच्या आईंना कळवा,” ती म्हणाली. “माझा होकार आहे म्हणून.”

नागनाथचा हात शेंगांवरच थांबला. मग तो उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला. “आता? म्हणजे आत्ताच कळवू?” त्याने त्रिविक्रमला नमस्कार केला, तिलाही करायला निघाला आणि मधेच थांबला. मग चपला घालताना एक पाय चुकीच्या चपलेत सारून, तशाच उलट्या चपला ओढत जगलीवरून उतरला. शेंगांचा रुमाल तिथेच राहिला.

उन्हं कलली होती. रस्त्यावर मुलं गोट्या खेळत होती. भाऊबहीण सतरंजीच्या दोन टोकांना बसली होती आणि मधे पालथी पानं पडली होती.

“कुणाकडे शिकलीस?” त्रिविक्रमने विचारलं.

“हंबीररावांकडे. तू कुणाकडे, ते विचारत नाही. मी दाराबाहेर होते.”

त्याने समोरच्या पालथ्या पानांची कड सरळ केली.

“आप्पांना कुणी फसवलं नव्हतं ना, अण्णा?”

“नाही.” तो पानांकडे बघत म्हणाला. “आप्पाच पकडले गेले. सगळ्यांसमोर. मी बरोबर होतो, त्यांनी मला कोपऱ्यात बसवलं होतं. आईला ठाऊक होतं. तुला सांगायला नको म्हणाली.”

“आणि नागनाथने काय केलं होतं तुझं?”

“काही नाही. गंमत म्हणून...”

“अण्णा.”

“बरं. परीक्षा म्हणून. हावरट आहे का ते बघायला. जिंकायला लागला की माणूस कसा वागतो, ते...”

“अण्णा, मला असलं देऊ नकोस. नुसतं एकदा म्हणाला असतास, जाऊ नकोस म्हणून, तर मी काय केलं असतं ते मलाही ठाऊक नाही. पण तू म्हणाला नाहीस. तू त्याला माझ्या नजरेतून उतरवत होतास. आणि मी उतरवत होते.” तिने नागनाथचा रुमाल जवळ ओढला. “मी त्याला चोर समजत होते रे.”

त्रिविक्रमने दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले. त्या हातांवर आप्पांसारख्याच शिरा होत्या. 

“कमला गेली त्या वर्षी,” तो म्हणाला, “संध्याकाळी मी घरी आलो की आधी दाराबाहेर उभा राहायचो. आत भांड्याचा आवाज झाला की मग कडी वाजवायचो. आवाज नसला तर जगलीवर बसायचो, तू शाळेतून येईपर्यंत. रिकाम्या घरात एकट्याने शिरता येत नाही मला. आजही येत नाही. एवढा मोठा माणूस, हसू येईल कुणालाही.”

वसुमती हसली नाही.

“हे तुला सांगितलं असतं तर तू राहिली असतीस. दयेने राहिली असतीस. ते मला नको होतं. तुझं तूच ठरवून राहावंस, असं हवं होतं मला. म्हणून मी...” तो थांबला. शेंगांचं एक टरफल त्याने बोटांत चुरलं. मग त्याने वर पाहिलं, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं.

“हा पहिला नव्हे, वसू. कमला गेल्याच्या दुसऱ्या वर्षी म्हैसूरहून एक स्थळ आलं होतं बघ. कृष्णमूर्ती. कॉलेजात शिकवायचा. तुला आवडला होता. मी चौकशी करून आलो आणि तुला सांगितलं की तो पितो, आणि तू दोन दिवस जेवली नाहीस, आणि मग नको म्हणालीस.”

“हो,” वसुमती म्हणाली.

“मी म्हैसूरला गेलोच नव्हतो. स्टेशनच्या बाकावर बसून परत आलो. तो पीत नव्हता, वसू.”